गंगावन

आमच्या लहानपणी फणीत अडकलेला गुंतवळ बाया फेकून देत नसत. बोटाभोवती गुंडाळून भिंतीच्या कोनाड्यात खोचायच्या. सुया-फण्या विकणारी बाई दारावर आली की गुंतवळाच्या बदल्यात सुया मिळायच्या. त्याच केसांची पुढं गंगावनं व्हायची.

थोरल्या अक्काला मुदतीचा ताप आला अन् केसांचे पुंजके गळायला लागले. वेणी उंदराच्या शेपटीएवढी राहिली. तो गुंतवळ मात्र आईनं सुयांवर घातला नाही. रिठ्याच्या पाण्यात धुऊन ठेवला, अन् त्या बाईकडूनच उकलून, सारखा करून, एका टोकाला काळ्या दोऱ्यानं आवळून गंगावन करून घेतलं. वेणी घालताना ते पेडांत मिसळायचं. केस अक्काचेच, त्यामुळं जोड कळायचा नाही.

तेव्हा मुलगी बघायला आलेल्या बाया वेणी सोडून केस बघायच्या. अक्काच्या वेळीही मुलाची आई उठली. तिनं वेणीला हात लावायच्या आधीच आई म्हणाली, "बाई, निम्मी वेणी गंगावनाची हाय. तापात केस गेले पोरीचे. आधीच सांगितलेलं बरं."

घरात सगळे गप्प. अक्कानं मान खाली घातली. ती बाई जरा थांबली, मग स्वतःच्या अंबाड्याला हात लावून म्हणाली, "ह्यात तरी सगळे माझे कुठं हायेत?"

लग्न जमलं. आज अक्का सत्तरीपार आहे. डोकं पांढरंशुभ्र झालंय. ट्रंकेतलं गंगावन अजून काळंभोर आहे.