कागदाची मागची बाजू

नागापूर एमआयडीसीत ट्रान्सपोर्टचा हिशेब बघताना माझी एक पक्की समजूत होती: पीओडी (माल मिळाल्याची पोच) म्हणजे ड्रायव्हरला घातलेली वेसण. सही-शिक्क्याची बिल्टी परत आल्याशिवाय बाकी भाडं सोडायचं नाही. उशीर झाला तर तो ढाब्यावर झोपला असणार, माल कमी भरला तर त्यानेच हात मारला असणार. या संशयाला मी शिस्त म्हणत होतो.

एकदा बाजारातून लावलेली गाडी माळशेजमार्गे भिवंडीला गेली. पोच आली तेव्हा शिक्क्यावरची तारीख ठरलेल्या दिवसापेक्षा दोन दिवस पुढची. मी उशिराची रक्कम कापली. ड्रायव्हर माझ्या वडिलांच्या वयाचा. तो भांडला नाही. "भाऊसाहेब, कागद उलटा करा की," एवढंच म्हणाला.

मागे गोदामाच्या गेटचा लहानसा फिकट शिक्का होता. शेजारी वॉचमनने पेनाने आल्याची वेळ टाकलेली. ठरलेल्याच दिवशीची सकाळ. गाडी वेळेत पोचली होती. गोदामात जागा नव्हती म्हणून रांगेत उभी होती. त्याला थांबल्या दिवसांचं हाल्टिंग द्यायचं राहिलं बाजूला, मी त्याचंच भाडं कापत होतो.

पैसे तिथल्या तिथे दिले, पण मन खात राहिलं. असे किती कागद मी न उलटता फाइलला लावले? किती जण काही न बोलता निघून गेले?

2007 चा रस्ते मालवाहतुकीचा कायदा मला पाठ होता. नुकसानीचा दावा लावायचा तर बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. दावा आमच्यावर येणार, म्हणून ते पाठ. पीओडीचा कागद ड्रायव्हरच्याही बाजूने बोलतो, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नाही. ई-वे बिलावरून माल निघाल्याचं कळतं. तो केव्हा पोचला, कुणी घेतला, कोणत्या अवस्थेत घेतला, हे बिल्टीवरच्या शेऱ्यातच असतं. आणि ड्रायव्हरजवळ त्याशिवाय दुसरा साक्षीदार नसतो.

आता मी आधी मागची बाजू वाचतो. तुमच्या टेबलावर पीओडी येत असेल तर कपात लिहिण्याआधी तुम्हीही वाचा. आणि गोदामाच्या गेटवर असाल, तर ड्रायव्हरने मागायची वाट न बघता आल्याची वेळ टाकून द्या.