चार तारा

अण्णांसाठी दुधाच्या हिशेबाचं एक छोटंसं ॲप केलं होतं. लिटर टाकायचे, फॅट टाकायचं, पैसे दिसायचे. माझ्या फोनवर ते सुरळीत चालायचं. अण्णांच्या फोनवर मात्र फॅट टाकलं की लाजाळूसारखं मिटायचं.

दिवाळीला घरी गेले तेव्हा ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसले. पहिली केबल लावली. फोन चार्ज होऊ लागला, पण लॅपटॉपला त्याचा पत्ताच नाही. यूएसबीच्या साध्या केबलीत ४ तारा असतात: २ विजेच्या, २ माहितीच्या. स्वस्त केबलीत माहितीच्या तारा कधीकधी नसतातच. पोट भरतं, बोलणं होत नाही. शहरातून मी अण्णांना रोज फोन करते, ‘जेवलात का’ विचारते आणि ठेवते. ती केबल मी जरा घाईनंच बाजूला सारली.

दुसरी लावली. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टिचकी मारली, तेव्हा डेव्हलपरांचा दडवलेला मेनू उघडला. यूएसबी डीबगिंग सुरू केलं. लॅपटॉप म्हणाला, ‘अनऑथराइज्ड’. तोवर फोनच्या पडद्यावर अक्षरा-आकड्यांची लांबलचक माळ आली होती आणि सोबत प्रश्न: या संगणकाला परवानगी द्यायची का? अण्णांनी चष्मा चढवला, माळ शेवटपर्यंत वाचली.

“हे तुझंच मशीन ना?”

“माझंच, अण्णा.”

मग जपून अंगठा टेकवला.

फोनच्या आतल्या नोंदी दाखवणारं लॉगकॅट धावू लागलं. गप्प दिसणारा फोन आतून किती बोलत असतो! बॅटरी, नेटवर्क, पडदा, ओळीमागून ओळ. अण्णांनी फॅट टाकलं आणि त्या गर्दीत लाल अक्षरं उमटली: नंबर-फॉरमॅट-एक्सेप्शन. पुढे अवतरणात, ‘३.५’.

देवनागरीत.

अण्णांचा फोन मराठीत. मीच करून दिलेला. माझा इंग्रजीत. ॲप फोनची भाषा पाहून आकडा देवनागरीत मांडत होतं आणि तोच परत वाचणारी माझी ओळ इंग्रजी अंकांपलीकडे काही जाणत नव्हती. अण्णांचे साडेतीन बरोबरच होते.

हिशेबाचा आकडा वेगळा काढला, पडद्यावरचा मराठीतच ठेवला. ॲप पुन्हा चढवलं. पैसे दिसले.

केबल काढायला हात पुढे केला, तर अण्णा म्हणाले, “राहू दे. संध्याकाळचं दूध टाकायचंय अजून.” टाकलं. ३.३.

“फॅट का उतरलं हो, अण्णा?” मी विचारलं.

अण्णांनी चष्मा काढून ठेवला आणि वैरणीपासून सुरुवात केली.