टॉवरला सांगायचं ते तीनच गोष्टींत

बपेरा म्हणजे तुमसर तालुक्याचं टोक. बावनथडीच्या पलीकडे मध्य प्रदेश. अलीकडे, महाराष्ट्रातच, गोंदियाजवळ बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली धावपट्टी आहे. तिथं आता पायलट तयार होतात. त्यामुळे लहान विमानं आमच्या भागाला नवीन नाहीत. पण आमच्याकडच्या एखाद्या पोरीनं पायलट व्हायचं म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. पैसे कुठून आणणार आणि इंग्रजीचं काय करणार? पैशाचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या घरीही कर्जच काढलं. इंग्रजीबद्दल मात्र मला सांगता येईल.

माझी शाळा मराठी माध्यमाची. घरात पोवारी, शाळेत मराठी, तुमसरच्या बाजारात हिंदी. इंग्रजी वाचता यायचं, पण बोलायची वेळ आली की तोंड उघडायचं नाही.

विमान उडवण्याच्या लायसन्सशिवाय पायलटला रेडिओवर बोलण्याचं वेगळं लायसन्स लागतं. त्याच्या परीक्षेला सगळे आरटीआर म्हणतात. माझ्या वेळी ती दूरसंचार खात्याकडे होती. हेडफोन लावून बसवायचे, एक कल्पित उड्डाण द्यायचे. परीक्षक टॉवर, म्हणजे जमिनीवरून विमानांना सूचना देणारा, व्हायचा, आपण पायलट. त्याखेरीज तोंडी परीक्षा असायची, ती वेगळी.

मी एका मोठ्या शहरात क्लास लावला. त्यांनी इंजिन सुरू करण्यापासून उतरेपर्यंतचा छापील संवाद हातात दिला आणि पाठ करायला सांगितला. मी तो झोपेतही म्हणता येईल इतका पाठ केला. परीक्षेत परीक्षकांनी मध्येच सांगितलं, तुमच्या एका प्रवाशाच्या छातीत दुखतंय. छापील संवादात इंजिनाला आग लागत होती, प्रवासी आजारी पडत नव्हता. मला काहीच सुचलं नाही. ‘पॅन पॅन’ तीनदा म्हणून सुरुवात करायची होती. गंभीर धोका असून लगेच मदत हवी असेल तर ‘मेडे’, आणि विमानाच्या किंवा आतल्या कुणाच्या सुरक्षिततेची तातडी आहे, पण तितका धोका नाही तेव्हा ‘पॅन पॅन’. दोन्ही मला ठाऊक होते, पण संवादाच्या त्या जागी ते छापलेले नव्हते. नापास झाले. घरी फोन करायला मी संध्याकाळपर्यंत थांबले.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. विमानात कधी बसलेले नाहीत. मी घरी आल्यावर त्यांनी ते छापील कागद चष्मा लावून वाचले आणि म्हणाले, ‘‘बाई, यात गोष्टी तर तीनच दिसतात. तलाठ्याकडे गेलं की आधी नाव सांगतो, मग गट नंबर, मग काय पाहिजे ते. हे तसंच हाय ना?’’

तसंच होतं. पहिल्या हाकेत फक्त कोणाला बोलावतोय आणि आपण कोण एवढंच. टॉवर ‘पास युअर मेसेज’ म्हणाला की आपण कुठे आहोत, किती उंचीवर आहोत आणि काय हवंय. मागायचं असेल तर ‘रिक्वेस्ट’ म्हणून मागायचं. ‘कुड यू प्लीज’, ‘आय वुड लाइक टू’ असलं काही नाही. माझी सगळी भीती त्या जादा इंग्रजीची होती आणि रेडिओवर त्याला जागाच नाही.

त्यानंतर बाबांनी चिठ्ठ्या केल्या. धावपट्टीवर कुत्रं. प्रवासी आजारी. पुढे ढग. चाक उघडत नाही. चिठ्ठ्या डब्यात. संध्याकाळी ओसरीवर बाबा टॉवर व्हायचे. मी माझं बोलत असताना ते मधेच चिठ्ठी काढून वाचायचे, कधी मुद्दाम आकडा चुकवायचे. त्यांचे उच्चार आपल्याकडचे. पहिल्यांदा मला वाटलं याचा काय उपयोग? पण खऱ्या रेडिओवर आवाज खरखरतो, अर्धे शब्द गिळले जातात आणि बोलणारा माणूस चेन्नईचा असतो किंवा पाटण्याचा. बाबांच्या इंग्रजीवर कान तयार झाले ते बरं झालं. नाही कळलं तर ‘से अगेन’ म्हणायचं हीसुद्धा तिथंच सवय लागली. क्लासात ‘से अगेन’ म्हणायची वेळच येत नव्हती.

शब्द थोडे आहेत, पण प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. ‘रॉजर’ म्हणजे तुमचं सगळं ऐकलं, एवढंच. त्यात होकार नाही. ‘विल्को’ म्हणजे ऐकलं आणि तसं करते. हो म्हणायला ‘अफर्म’, नाहीला ‘निगेटिव्ह’, जमणार नसेल तर ‘अनेबल’. उंची, हेडिंग (विमानाची दिशा), क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब), धावपट्टीचा नंबर, ट्रान्सपॉन्डरचा (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा) कोड हे सगळं ऐकलं तसं परत म्हणून दाखवायचं, तिथं नुसतं ‘रॉजर’ चालत नाही. विमानाचं नाव टॉवरनं आधी छोटं केलं तरच आपण छोटं करायचं.

आकड्यांचे उच्चारही ठरलेले. नऊला ‘नाइनर’, पाचला ‘फाइफ’. हे मला आधी नाटकी वाटायचं. मग एक प्रकरण वाचलं. 19 फेब्रुवारी 1989. क्वालालंपूरला उतरणाऱ्या फ्लाइंग टायगरच्या मालवाहू विमानाला 2400 फुटांपर्यंत खाली यायला सांगितलं होतं. ‘टू फोर झिरो झिरो’. विमानातल्यांनी ‘टू’चा अर्थ ‘पर्यंत’ असा घेतला आणि 400 फूट समजून खाली आले. डोंगरावर आदळून चौघेही गेले. पायलटनं परत म्हणताना 400च म्हटलं होतं, पण ते कुणी अडवलं नाही. हे वाचल्यावर बाबांनी माझं परत म्हणणं अक्षर अक्षर तपासायला सुरुवात केली. मलाही त्याचा कंटाळा येईनासा झाला.

पुढच्या वेळी पास झाले.

फ्लाइंग स्कूलमध्ये खरा रेडिओ कानावर आला तेव्हा वेगळीच अडचण आली. बोलायला फट मिळेना. विमानाचा रेडिओ असा की एका वेळी एकानंच बोलायचं. दोघांनी बटण दाबलं की सगळ्यांना नुसती किंकाळी ऐकू येते. 27 मार्च 1977 रोजी टेनेरीफच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट धडकली, 583 माणसं गेली. तेव्हाही टॉवरचं आणि दुसऱ्या विमानाचं बोलणं असंच एकमेकांत अडकलं होतं. आमचे सर सांगायचे, आधी ऐक, मग मनात वाक्य जुळव, मग बटण दाब, आणि दाबल्यावर क्षणभर थांबून बोल, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. मी गुडघ्यावरच्या पॅडवर मागणी आधी लिहून ठेवायला लागले. आजही लिहिते.

त्या रेडिओची खरी गरज पडली ती मे महिन्यातल्या एका दुपारी. एकटीच क्रॉस-कंट्रीवर, म्हणजे लांबच्या सरावी उड्डाणावर, होते. समोर ढग उभे राहिले. नागपूरहून मिळालेलं हेडिंग नेमकं त्यांच्या दिशेनं. तिथल्या पडद्यावर त्यांना बाकीची विमानं दिसत होती, माझ्या नाकासमोरचा ढग मलाच दिसत होता. आपण नवशिक्या, वरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे मनात आलं. हात घामेजले. मग बाबांची चिठ्ठी आठवली आणि म्हटलं, ‘अनेबल, ड्यू वेदर. रिक्वेस्ट लेफ्ट हेडिंग टू सेव्हन झिरो.’ लगेच परवानगी मिळाली. आवाजात राग नव्हता की आश्चर्य नव्हतं. मी उतरल्यावर खूप पाणी प्यायले.

सरांनी त्या दिवशी 1990च्या जानेवारीतली आव्हियांकाची गोष्ट सांगितली. बोगोटाहून न्यूयॉर्कला आलेलं विमान खराब हवेमुळे तासाभरापेक्षा जास्त घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आलंय हे त्यांनी सांगितलं, ‘प्रायॉरिटी’ही मागितली. ‘मेडे’ किंवा ‘इमर्जन्सी’ हा शब्द मात्र टॉवरला उच्चारला नाही. टॉवरनं त्यांना रांगेतल्या इतरांसारखंच धरलं. इंजिनं बंद पडून विमान लाँग आयलंडवर कोसळलं, 73 जण गेले. आता यासाठी ‘मिनिमम फ्युएल’ आणि ‘मेडे फ्युएल’ असे ठरलेले शब्द आहेत. संकोचून, गोल गोल सांगण्याची आपल्याकडची रीत मला फार जवळची. म्हणून ही गोष्ट मी प्रत्येक ज्युनियरला सांगते.

आता तयारी करणाऱ्यांसाठी. 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आणि त्यानुसार रेडिओची ही परीक्षा डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) आली. जुन्या पद्धतीचे कागद कुणी विकत असेल तर आधी डीजीसीएचं ताजं परिपत्रक पाहा. वाचायला आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं रेडिओटेलिफोनीचं मॅन्युअल, डॉक 9432. घरी चिठ्ठ्यांचा सराव करायचा असेल तर टॉवर होणाऱ्याला फार इंग्रजी यायची गरज नाही. चिठ्ठीतलं पायलटला आधी कळता कामा नये, एवढं सांभाळा.

आणि फी भरण्याआधी क्लास टू मेडिकल करून घ्या. त्यात रंग ओळखण्याची तपासणी असते. रंगांचा रेडिओशी काय संबंध? रेडिओ बंद पडला तर ट्रान्सपॉन्डरवर 7600 लावायचं आणि टॉवरच्या दिव्याकडे बघायचं. स्थिर हिरवा दिसला तर उतरायची परवानगी, स्थिर लाल दिसला तर दुसऱ्या विमानाला वाट देऊन घिरट्या घालायच्या. तो रंग तेव्हा डोळ्यांनीच ओळखायचा असतो.