भिंतीला तिकीट नसतं

उंच इमारतीच्या भिंतीवर नर्तकी आडवी उभी राहते. तळपाय भिंतीला टेकलेले, पाठ जमिनीला समांतर, डोकं रस्त्याच्या वर मोकळ्या हवेत. खालून बघणाऱ्याला वाटतं, हिला वजनच नाही. प्रत्यक्षात तिचं सगळं वजन कंबरेच्या हार्नेसवर, म्हणजे गच्चीवरून सोडलेल्या दोराला अडकवलेल्या पट्ट्यांवर, आलेलं असतं आणि पोटापाठीचे स्नायू तिला क्षणभरही सैल सोडता येत नाहीत. सोडले की डोकं खाली कलतं. मग ती गुडघे वाकवते आणि भिंतीपासून पाय सोडते. इथून पुढं काय होणार ते तिच्यापेक्षा दोर जास्त ठरवतो. लंबकाचा नियम शाळेत सगळ्यांनीच शिकलेला असतो: लांबी चौपट झाली की झोक्याचा वेळ दुप्पट. वर गच्चीपासून दहा मीटर दोर सोडलेला असेल, तर भिंत सोडून परत पाय टेकेपर्यंत साधारण तीन सेकंद जातात. चाळीस मीटर दोर असेल तर सहाच्या वर. म्हणजे नर्तकी जसजशी खाली उतरते, तसतशी तिची लय आपोआप द्रुताकडून विलंबिताकडं जाते आणि कितीही जोर लावला तरी ती उलटी फिरवता येत नाही. एका इमारतीवर बसवलेला नाच दुसऱ्या इमारतीवर जसाच्या तसा नेता येत नाही, ते यामुळं. लय इमारतीची असते. संगीतकारानं, नाच बसवणाऱ्यानं आणि दोर बांधणाऱ्यानं ती त्या भिंतीवर जाऊनच शोधावी लागते.

हा कलेचा विचार आहे, तसाच तो पैशाचाही आहे, आणि मला जे म्हणायचंय ते या सांध्यावरच आहे. अनुदान कापणाऱ्यांना वाटतं की आपण कार्यक्रमांची संख्या कमी करतोय. भिंतीवरच्या नाचात आधी कापले जातात ते भिंतीवरचे दिवस. प्रेक्षक अर्धा तास बघतो. त्यामागं परवाने असतात, विमा असतो, रस्त्याचा भाग बंद करून घेणं असतं आणि गच्चीवरचं काम असतं. गच्चीवर आधी आधार शोधायचे, तेही प्रत्येक नर्तकीसाठी एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन. मग कठड्याची कड बघायची. काँक्रीटची कड हाताला गुळगुळीत लागते, पण ताणलेला दोर तिच्यावर डावीउजवीकडं शेकडो वेळा घासला की वरचं आवरण पिंजायला लागतं. म्हणून कडेवर रूळ किंवा जाड कापडाची गादी बसवायची, ती झोक्याबरोबर सरकत नाही ना हे बघायचं, आणि कुणी नाचत नसताना एक अख्खा दिवस फक्त वजन लावून तपासायचं. हार्नेसमध्ये फार वेळ लटकलं की पायांतलं रक्त नीट परतत नाही, त्यामुळं तालीमही तुकड्यातुकड्यानंच होते. वारा वाढला तर तीही नाही. यातला एकही तास प्रेक्षकाला दिसत नाही, आणि पैसे आटले की कात्री लागते ती न दिसणाऱ्या तासांना. सुरक्षेत कुणी शहाणा माणूस तडजोड करत नाही. मग नाच सोपा होतो. झोके आखूड, उड्या सरळ, जागा ओळखीची. पडण्याचा धोका टळतो, पण कला बारीक होत जाते, आणि बाहेरून बघणाऱ्याला कळतही नाही की काय गेलं.

ही कसरत आहे, नाच कसला, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मराठी माणसाला याचं उत्तर दोरीच्या मल्लखांबावरून चटकन उमगावं. तिथं दोर फक्त वर बांधलेला असतो. खेळाडूला धरून ठेवते ती त्याची स्वतःची पकड, पायाच्या अंगठ्याची, मांडीची, काखेची. पकड हेच तिथलं कौशल्य. भिंतीवर मात्र हार्नेस धरून ठेवतो, जीव पणाला लागलेलाच नसतो. धाडस बाजूला काढल्यावर जे उरतं ते काळ आणि तोल यांचंच काम, आणि त्याला नाच म्हणतात. नृत्यरचनाकार ट्रिशा ब्राउन यांनी 18 एप्रिल 1970 रोजी न्यूयॉर्कच्या 80 वूस्टर स्ट्रीटवर हेच दाखवलं. सात मजली इमारतीच्या भिंतीवरून जोसेफ श्लिक्टर नावाचा माणूस फक्त चालत खाली आला. कोलांटी नाही, गिरकी नाही. जमिनीवर चालतो तसं भिंतीवर चालायचं, एवढंच. ते किती अवघड आहे हे हार्नेसमध्ये दोन पावलं टाकून बघितल्याशिवाय कळत नाही.

या कलेनं खरं मूळ धरलं ते मात्र सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवती. एका बाजूला नृत्याची जुनी प्रयोगशील परंपरा, दुसऱ्या बाजूला काही तासांवर योसेमिटीचे कडे. जोआना हेगूड यांची झॅको डान्स थिएटर 1980ची. अमेलिया रुडॉल्फ स्वतः नर्तकी आणि प्रस्तरारोहकही. त्यांनी 1991 साली बँडलूप काढली आणि गिर्यारोहणाचं साहित्य, त्यातलं दोरकाम थेट नाचात आणलं. ऑकलंडची ही मंडळी आज जगभर इमारतींवर नाचतात. जो क्रायटर यांची फ्लायअवे प्रॉडक्शन्स 1996ची. शंभर किलोमीटरच्या आत या तीन मंडळ्या टिकल्या, त्या नुसत्या हौसेवर टिकलेल्या नाहीत. सॅन फ्रान्सिस्को शहर 1961पासून हॉटेलांवरच्या कराचा वाटा कलांना देत आलंय आणि 2018 साली मतदारांनी तो वाटा पुन्हा पक्का केला. वरून राज्याची मदत, केंद्राची मदत, खाजगी प्रतिष्ठानांची मदत. यातला एकेक धागा अधूनमधून तुटतोच. 2003मध्ये कॅलिफोर्नियाच्या कला परिषदेला राज्याच्या तिजोरीतून मिळणारी रक्कम दहा लाख डॉलरवर आली आणि पुढं जवळजवळ दहा वर्षं तिथंच रेंगाळली. महामारीत हॉटेलं ओस पडली तेव्हा हॉटेल-कराचा झराही आटला. आणि 2 मे 2025 रोजी व्हाइट हाउसनं कलांसाठीचा राष्ट्रीय निधी, एनईए, पूर्ण बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच संध्याकाळपासून देशभरातल्या शेकडो कलासंस्थांना, मंजूर झालेलं अनुदान रद्द, अशी ईमेल यायला लागली. या निधीचं वर्षाचं सगळं अंदाजपत्रक 20.7 कोटी डॉलरचं, अमेरिकेच्या माणशी एका डॉलरहूनही कमी. त्यातही हा पैसा साधारणपणे बरोबरीच्या अटीवर मिळतो: संस्थेनं बाहेरून एक डॉलर उभा केला की निधीचा एक. म्हणजे एक डॉलर कापला की त्याच्या आधारानं उभा राहणारा दुसराही डळमळतो.

यावर सरळ प्रश्न येतो: लोकांना आवडतं ना, मग लोकांनी पैसे द्यावेत. नाट्यगृहाला दार असतं, दारावर माणूस उभा करता येतो. रस्त्याकडच्या भिंतीला दार कसं लावणार? जेवणाचा डबा घेऊन चाललेला माणूस मान वर करतो आणि बघतो. ही व्यवहारातली त्रुटी नव्हे, या कलेचं स्वरूपच असं आहे. ज्या वस्तूला तिकीट लावता येत नाही तिचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलावा लागतो; रस्त्यावरच्या दिव्यांचं आपण हेच करतो. दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे: कंपन्या पैसे देतातच की. देतात, आणि त्या कामाला मी कमी लेखत नाही. 2017च्या अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्समध्ये गायिका पिंक लॉस एंजेलिसच्या जेडब्ल्यू मॅरियटच्या भिंतीवर बँडलूपबरोबर नाचली, तेव्हा ही कला लाखो लोकांनी पहिल्यांदा पाहिली. अशा कामांनी पगार निघतात. पण कोणती भिंत, किती मिनिटं आणि कशाबद्दल, हे तिथं पैसे देणारा ठरवतो.

उलट, फ्लायअवेच्या जो क्रायटर यांनी 2018मध्ये नाच बसवला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंडरलॉइन वस्तीतल्या कॅडिलॅक हॉटेलच्या भिंतीवर. हे पर्यटकांचं हॉटेल नाही; कमी उत्पन्नाच्या लोकांना एकेका खोलीचा आसरा देणारी ती जागा आहे आणि नाच होता त्याच वस्तीच्या इतिहासावर. त्यांचा पुढच्या वर्षीचा नाच ‘द वेट रूम’ ज्यांची माणसं तुरुंगात आहेत अशा बायकांबद्दल होता. कुठली कंपनी आपलं नाव या भिंतीवर झळकावायला पैसे देईल? सार्वजनिक पैसा काढून घेतला तर भिंतीवरचा नाच बंद पडणार नाही. तो काचेच्या मनोऱ्यांकडं सरकेल. बेघरांचा प्रश्न आ वासून उभा असताना दोराला लटकणाऱ्यांना पैसे कशाला, असं विचारणाऱ्यांना मला हीच गोष्ट सांगायचीय. हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो झटकून टाकू नये. पण अनुदानातून वाचलेली रक्कम निवाऱ्यांकडं जातेच असं नाही, आणि त्या वस्तीच्या भिंतीवर त्या वस्तीचं काही घडायचं मात्र नक्की थांबतं.

सरकारी पैशाबरोबर सरकारी मर्जीही येते, हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. रात्रीत आलेल्या त्या ईमेलींनी तो सिद्धच केला. त्याचं उत्तर दोरकामातच आहे, अगदी शब्दशः: कुठलाही जीव एका आधारावर टांगायचा नाही. शहराचा कर, राज्य, केंद्र, प्रतिष्ठानं, अधूनमधून मॅरियटसारखं काम, असे आधार वेगवेगळ्या जागी हवेत आणि प्रत्येक आधार एकटा पुरेल इतका पक्का हवा. यातला एक उपटून टाकून ‘बाकीचे आहेत ना’ म्हणणाऱ्याला गच्चीवर कुणी उभं करणार नाही. आणि अनुदान देताना प्रयोग मोजू नयेत, भिंतीवरचे दिवस मोजावेत: तपासणीचा एक, लय शोधायचे तीनचार, वाऱ्यानं वाया जाणारे एकदोन. हे दिवस अर्जाच्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर लिहिता येतात. मंजूर करणाऱ्यानं पहिली कात्री त्या ओळीला लावू नये, एवढंच मागणं आहे.