नाताळच्या सुट्टीतली भीती

आमच्या लहानपणी नाताळची सुट्टी ही भीतीच्या गोष्टींची सुट्टी होती. मे महिन्यात आंबे, काजू, फणस यांच्यामागे दिवस कसा जायचा ते कळत नसे. डिसेंबरात मात्र काळोख लवकर पडायचा, कुळागरातली थंडी हळूहळू अंगणात यायची आणि गावात वीज अजून पोचायची होती. शेजारच्या क्रिस्तांव घरातून आलेल्या नेवऱ्या नि दोदोल खात आम्ही पोरं चुलीपाशी आजीला टेकून बसायचो. मग देवचार यायचाच.

देवचाराच्या गोष्टीचा शेवट ठरलेला. रात्री वाट चुकलेल्या माणसाला बांधावर एक उंच म्हातारा भेटतो. खांद्यावर कांबळ, एका हातात दांडा, दुसऱ्या हातात पेटती चूड. तो अक्षर न बोलता पुढे चालतो, माणूस त्याच्या मागोमाग. घराच्या पायरीशी आल्यावर दोन शब्द बोलावेत म्हणून माणूस मान वर करतो, तर समोर कोणीच नाही, आणि चुडीचा उजेड पार पलीकडच्या डोंगरावर! आमच्या अंगावर सर्रकन काटा यायचा. परसात एकट्यानं जायची कोणाची टाप नव्हती. पण त्या गोष्टीतला माणूस घरी सुखरूप पोचलेला असायचा, हे ध्यानात यायला मला फार वर्षं लागली.

त्याच दिवसांत मराठी शाळेतल्या पेटीतून मी एक पुस्तक घरी आणलं होतं. त्यात आगकाड्या विकणाऱ्या मुलीची गोष्ट होती. हान्स क्रिश्चन अँडरसन हा डेन्मार्कचा लेखक, हे तेव्हा ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आजीला वाचता येत नसे, म्हणून दिव्याच्या उजेडात मीच तिला वाचून दाखवली. वर्षाची शेवटची रात्र, बर्फ पडतोय, मुलगी अनवाणी. आईच्या मोठ्या सपाता पायांत होत्या, त्या रस्ता ओलांडताना गेल्या. एकही काडी खपलेली नाही, घरी गेलं तर बाप मारील. दोन घरांच्या कोपऱ्यात बसून ती ऊब यावी म्हणून एकेक काडी ओढते. शेगडी दिसते, मेजवानी दिसते, नाताळचं झाड दिसतं आणि शेवटी तिची मेलेली आजी दिसते. सकाळी लोकांना ती गोठून मेलेली सापडते, ओठांवर हसू.

बर्फ म्हणजे काय ते आजीला मी सांगितलं, तिनं ते बहुधा मानलं नाही. शेवट ऐकल्यावर मात्र ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आनी तिका कोणें घरांत घेतली ना?"

"ना," मी म्हटलं.

तिनं जाळ सारखा केला आणि ही गोष्ट परत वाचायची नाही म्हणून सांगितलं. रोज रात्री आम्हांला भुतांनी घाबरवणारी बाई! मला तेव्हा हसू आलं होतं.

पुढे कधीतरी या गोष्टीचा मागोवा घेतला. अँडरसननं ती १८४५ साली लिहिली, एका पंचांगवजा वार्षिकासाठी, एका चित्रावरून. त्याच्या आईला लहानपणी घरच्यांनी भीक मागायला पिटाळलं होतं आणि ती पुलाखाली दिवसभर रडत बसली होती. म्हणजे त्या कोपऱ्यात बसलेलं पोर त्याला परकं नव्हतं.

गंमत अशी की त्याच सुमारास जर्मनीत दुसरी एक मुलगी आगकाडी ओढत होती. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन १८४४च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक शोधायला निघाले. एकही मनासारखं मिळेना, तेव्हा त्यांनी कोरी वही विकत घेतली आणि चित्रं काढून स्वतःच गोष्टी रचल्या. नाताळची भेट ही! तीत अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी कात्रीनं उडवतो, सूप नको म्हणणारा पाचव्या दिवशी मरतो. हे पुस्तक १८४५ला छापलं गेलं, 'श्ट्रूवेलपेटर' या नावानं जगभर गेलं, मार्क ट्वेननं आपल्या मुलींसाठी त्याचं भाषांतर केलं. लवकरच त्यात पाउलिनेची भर पडली. आईवडील बाहेर, घरात आगपेटी, दोन मांजरं परोपरीनं नको म्हणताहेत. ती काडी ओढते आणि जळून राख होते. मागे राहतात तिचे तेवढे बूट.

हे बूट माझ्या डोक्यातून जात नाहीत. एकीचे बूट तेवढे उरले, दुसरीला बूटच नव्हते. हॉफमनची मुलगी सांगितलं ते ऐकलं नाही म्हणून मेली. तिच्या शेवटाला मुलं हसतातदेखील, कारण आपण काडीला हात लावणार नाही एवढं त्यांना ठाऊक असतं. अँडरसनच्या मुलीनं काय करायला नको होतं? ते कोणालाच सांगता येत नाही. आजी घाबरली ती इथं, असं मला आज वाटतं.

दोन वर्षांमागं माझी सात वर्षांची नात नाताळच्या सुट्टीत गोव्याला आली होती. एकतीस तारखेला येताना वाटेत ठिकठिकाणी पोरांनी दोरी धरून गाडी अडवली. गवत भरलेला, जुने कपडे घातलेला म्हातारा रस्त्याकडेला बसवलेला, आणि मध्यरात्री त्याला जाळायच्या आधी ही वर्गणी! नात जाम खूश. रात्री गोष्ट हवी म्हणाली. तोंडात आली ती हीच, पण निम्म्यावर माझा धीर सुटला. मी म्हटलं, "मग एक दार उघडलं, आणि एका बाईनं तिला आत घेतलं."

"आणि काड्या?"

"त्या बाईनं सगळ्या विकत घेतल्या."

"आजोबा, आणि दुसऱ्या दिवशी? बाबा परत पाठवेल ना तिला?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. त्या बाईला मी चांगली साडी नेसवू शकलो असतो, पण बापाचं काय करणार? मग मी तिला खरा शेवट सांगितला. ती रडली नाही. पांघरुणातून पाय बाहेर काढून नुसती बघत राहिली. बारा वाजता रस्त्यावर म्हातारा पेटला, त्याच्या पोटातले फटाके फुटले, तरी ती खिडकीशी आली नाही.

मुलगी माझ्यावर चांगलीच उखडली. "बाबा, काय गरज होती? आजच्या दिवशी?" मी वाद घातला नाही. खोटं सांगून बघितलं होतं, असं सांगायलाही लाज वाटली.

पहाटे पोदेराचा पोंपों ऐकू आला. उठून बघतो तर नात माझ्याआधी दाराशी. तिनं कडी काढली, पण पावाकडे तिचं लक्ष नव्हतं. आधी पायऱ्यांच्या डाव्या कोपऱ्यात वाकून पाहिलं, मग उजव्या. मग अनवाणीच अंगणात उतरून तुळशीवृंदावनाच्या मागे जाऊन आली.

"किती पाव?" पोदेरानं विचारलं.

"सहा," मी म्हटलं.

"सात," ती म्हणाली.