सुटणारी गाठ

शाळा-कॉलेजात शिकलेलं नेमकं काय उरलं, ते मला सांगता येणार नाही. मांडववाल्या मामांनी शिकवलेलं मात्र रोज लागतं. कपड्यांची दोरी ताणताना, रद्दी बांधताना, स्कूटरवर खोकं आवळताना.

शनिवार पेठेतल्या आमच्या मंडळाचा मांडव मामा घालायचे. तेव्हा सगळा कारभार वासे, बांबू आणि सुंभ-सुतळीचा. आम्ही पोरं खाली उभी राहून सुतळी पुरवायचो. "बघतोस काय? धर टोक," एवढ्यावर माझी शिकवणी सुरू झाली.

पहिली गाठ खांबाची. एक वेढा खांबाला, दुसरा पहिल्याला ओलांडून, आणि टोक त्या दुसऱ्याच वेढ्याखालून बाहेर. स्काउटची मुलं तिला क्लोव्ह हिच म्हणत; मामांच्या लेखी ती नुसती 'खांबाची'. आडव्या बांबूची बांधणी तिच्यापासून सुरू होते आणि तिच्यावरच संपते.

मग दोन टोकं जोडायची. उजवं डाव्यावर, नंतर डावं उजव्यावर. प्रत्येक टोक आपल्याच दोरीला लागून पडलं तर बरोबर, आडवं उभं राहिलं तर सोडून पुन्हा. गठ्ठ्याला, जखमेच्या पट्टीला ही झकास, कारण सपाट बसते. पण दोन दोर जोडून त्यांवर वजन टाकायचं असेल, तर मामा ती बांधू देत नसत. क्लिफर्ड ॲशली या अमेरिकन चित्रकाराचा गाठींवरचा जाडजूड ग्रंथ १९४४ साली निघाला. त्यात हजारो गाठी आहेत, आणि या गाठीच्या अशा वापरावर तोही चांगलाच चिडलेला दिसतो. मामांनी त्याचं नावही ऐकलं नसणार.

पाठ करून घ्यायची त्यांची रीत वेगळी होती. हात पाठीमागे घेऊन बांधायला लावत. "डोळ्यांवर भरवसा ठेवू नको. वर चढल्यावर दिवे गेले तर?"

खरी परीक्षा सोडताना. विसर्जनाची मिरवणूक लक्ष्मी रस्त्याने अलका चौकाकडे सरकत असायची आणि इकडे मांडव उतरवायची घाई. पावसात सुतळी फुगते, गाठ आवळत जाते. निरगाठ मारलेली असली तर कोयताच घ्यावा लागे, आणि कापलेली सुतळी पुढच्या वर्षी कामाची नाही. सुतळीचे पैसे मामांच्या खिशातले! म्हणून शेवटचं टोक दुमडून खुपसायचं, एका हिसक्यात सुटेल असं. "बांधणारा घरी जातो रे, सोडणारा बांबूवर लोंबकळत असतो."

शिकवल्याबद्दल त्यांनी कधी काही घेतलं नाही. चहासुद्धा तेच पाजत.

आता मांडवाला लोखंडी पाइप आणि क्लॅम्प आले. गुळगुळीत पाइपवर खांबाची गाठ घसरतेच. पण माझी मुलगी ट्रेकला जायला लागली, तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ लावून दोरीशी झटत बसली होती. मी मोबाइल काढून घेतला आणि खोलीतला दिवा बंद केला. ती जाम ओरडली. गाठ मात्र बसली.