शिकाऊंची गर्दी

समुद्राच्या लाटेवर फळी टाकावयाची, तीवर उभे राहावयाचे आणि लाटेच्याच वेगाने किनाऱ्याकडे यावयाचे, या खेळास सर्फिंग म्हणतात. माळव्यात जन्म काढलेल्या माणसाने त्यावर लेखणी चालवावी, हे वाचकांस चमत्कारिक वाटेल. आमच्या देवासकरांना समुद्र पाहावयाचा तर नकाशात पाहावा लागतो, आणि आमच्या पिढीची मुले पोहावयास शिकली ती विहिरीत, पाठीला डबा बांधून. परंतु माझी सासुरवाड गोमंतकात, पेडणे तालुक्यात आहे. तेथील मोरजी, आश्वे, मांद्रे या किनाऱ्यांवर अलीकडे या खेळाचे वर्ग चालतात, आणि माझ्या मेहुण्याचा मुलगा त्या खेळातला तरबेज गडी आहे. त्याच्या तोंडून जी तक्रार मी ऐकली, ती ऐकताना हे सारे आपण आपल्या गावी ऐकले आहे, असे मला सारखे वाटत राहिले.

त्याची तक्रार अशी. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि स्नानासही मनाई असते. पाऊस सरला की नवख्यांचे तांडे येतात. वाळूत पालथे निजवून, हातांवर उठून फळीवर उभे कसे राहावे, हे त्यांना घटकाभर शिकवतात आणि मग पाण्यात लोटतात. जाणत्यांचा एक अलिखित नियम आहे: लाट जेथे फुटू लागते त्या जागेच्या सर्वांत निकट जो असेल, त्याची ती लाट, इतरांनी वाट पाहावी. नवख्यांना हा नियम कोणी सांगत नाही. ते मध्येच घुसतात, फळी सोडून देतात, आणि ती दुसऱ्याच्या अंगावर येते. "आतोबा, हांगा आतां आमकांच सुवात उरूंक ना," तो म्हणाला. त्याचा राग खरा होता. मी सहज विचारले, मग तुझा हिवाळ्यातला खर्च कसा भागतो? तो हसला. सकाळचे तीन तास तोच एका वर्गात नवख्यांना शिकवीत असतो! त्याची नवी फळी त्याच पैशांतून आलेली.

एक गोष्ट त्याने कबूल केली. अगदी नवखे असतात ते किनाऱ्याजवळ, फुटून गेलेल्या लाटेच्या फेसात. जाणते असतात ते पलीकडे, जेथे लाट उभी राहते तेथे. फेसातल्यांचा उपद्रव फारसा नाही. उपद्रव होतो तो थोडेबहुत उभे राहता येऊ लागल्यावर लगेच पलीकडे जाणाऱ्यांचा. आणि ज्यांनी त्यांना पलीकडची रीत सांगावयाची, ते जाणते त्यांच्याशी बोलत नाहीत. आपल्या देशात या खेळाचे पहिले नाव झाले ते कर्नाटकातील मुल्कीला, जेथील वेंकटरमणाच्या देवळामुळे ते गाव कोंकणी वाचकांस सुपरिचितच आहे. तेथे २००४ साली एका अमेरिकन संन्याशाने आश्रमातच या खेळाची शाळा काढली. म्हणजे येथला पहिला गुरूही बाहेरूनच आलेला!

आता आमच्या देवासकडे येतो. आमच्या गल्लीतील दत्तमंदिरात दर गुरुवारी भजन होते. पवारांच्या मागोमाग अठराव्या शतकात जी मराठी घराणी धार-देवासला आली, त्यांच्या वंशजांचेच हे मंडळ. थोरल्या पातीचे कोण आणि धाकट्या पातीचे कोण, हा वाद संस्थाने विलीन झाल्यावरही भजनाच्या बैठकीत कित्येक वर्षे टिकून होता. मी तेथे झांज वाजवितो. गळा मला देवाने दिला नाही. तीन वर्षांपूर्वी विश्वस्तांनी देवळाचा सभामंडप संध्याकाळच्या वेळी गायनवर्गास दिला. वर्ग घेणाऱ्या बाई लग्न होऊन देवासला आलेल्या, गायनात विशारद झालेल्या. बावीस मुले आली. पाच वाजता पेटी सुरू व्हावयाची आणि सा रे ग म चे अलंकार सात वाजेपर्यंत चालावयाचे, गुरुवारीही चालावयाचे. भजनकरी मंडळी पायरीवर ताटकळत. आमचे वीणेकरी अण्णा, वय पंचाहत्तर, एके दिवशी वीणा घेऊन तसेच घरी गेले.

धारला माझी थोरली बहीण असते. तिला हे सांगितले तर ती म्हणाली, आमच्याकडेही हेच. पण तुम्ही देवासचे लोक गाण्याच्या बाबतीत जरा जास्तच नाक मुरडता. यात तथ्य आहे. ज्या गावी उस्ताद रजब अली खां राहिले, तेथल्या माणसाला बेसूर पेटी सोसत नाही, अशी आमची समजूत असते. खांसाहेबांची तान ऐकलेली माणसे आमच्या लहानपणी गल्लोगल्ली भेटत आणि त्यांतला प्रत्येक जण इतरांना कमी लेखी. १९५९ साली खांसाहेब निवर्तले. परंतु तो दिमाख गावात राहिला.

तथापि याच गावाची दुसरी बाजू आहे, आणि अण्णांना मी ती वारंवार ऐकवीत असे. १९४८ च्या जानेवारीत कुमार गंधर्व क्षयाने जर्जर होऊन हवापालटासाठी देवासला आले. ते बेळगावकडचे, माळव्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. शिवाय ते घरंदाज उस्तादाच्या घरी हुक्का भरून शिकलेले नव्हते. मुंबईत प्रोफेसर देवधरांच्या संगीतशाळेत शिकले होते. देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, आणि पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणे चार भिंतींतून बाहेर आणले, तेव्हा त्या काळच्या गवयांनी काय कमी नाके मुरडली? पुढे १९१८ मध्ये ग्वाल्हेरला भातखंड्यांच्या पद्धतीचे माधव संगीत विद्यालय निघाले, तेव्हाही वहीत लिहिलेल्या गाण्याची थट्टा झालीच. आज देवासचे नाव देशभर ज्यांच्यामुळे घेतले जाते, ते थोर गायक वर्गात शिकून आलेले आणि परगावचे. तेव्हा येथे कुंपण घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, असे मी अण्णांना विचारी.

अण्णा ऐकून घेत आणि म्हणत, "तुमचं खरं. पण कुमार पाच वर्षं काय करत होते ते सांगा की."

या प्रश्नापुढे माझा युक्तिवाद अपुरा पडे. ती पाच वर्षे कुमारांना गाण्याची मनाई होती. ते पडून होते आणि ऐकत होते. बायाबापड्यांची माळवी गाणी, ओव्या, फिरत्या गायकांची भजने त्यांच्या कानांवर पडत होती. त्या धुनांतूनच पुढे त्यांचे नवे राग उगवले, हे सर्वश्रुत आहे. गाणे ज्याच्या गळ्यात आधीच तयार होते, त्यालाही ऐकण्याचे एवढे तप घडले.

विश्वस्तांच्या सभेत अखेर विषय निघाला. कोणी म्हणाले, वर्ग बंद करा. कोणी म्हणाले, वर्गाच्या भाड्यातून मंडपाची फरशी झाली आहे, हे विसरू नका. अण्णा उठले आणि बाईंनाच म्हणाले, "बाई, तुमची मुलं गातात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती ऐकतात केव्हा?"

बाईंनी दिलेले उत्तर मला फार आवडले. त्या म्हणाल्या, "अण्णा, त्यांना ऐकायला बसवावं असं मलाही वाटतं. पण आईबाप पैसे देतात ते गाण्याचे. ऐकण्याचे कोणी देत नाही. वर्षाअखेरीस प्रारंभिक परीक्षेला बसवायचं असतं. शिवाय तुम्ही भजनाला बसता तेव्हा मुलांनी आत यावं, असं आजवर आम्हांला कोणी म्हटलं आहे का?"

सभेत शांतता झाली, कारण तसे कोणी म्हटले नव्हते. आमच्या मंडळात त्या वेळी सात माणसे उरली होती आणि त्यांतला सर्वांत धाकटा बावन्न वर्षांचा होता. आमच्या मागून वीणा कोणाच्या हाती जाणार, याची चिंता आम्ही चहा पिताना नित्य करीत असू, आणि बावीस मुले त्याच मंडपातून रोज घरी जात होती. पेडण्याच्या मुलालाही मी हेच कळविले: नवखा तुझ्या लाटेत घुसतो, तेव्हा रागावण्यापूर्वी त्याला ती रीत सांगणारा किनाऱ्यावर तुझ्याखेरीज दुसरा आहे कोण? त्याने अद्याप उत्तर धाडलेले नाही. त्याची बाजू मला सर्वस्वी नाकारता येत नाही. लाट एका वेळी एकालाच वाहून नेते; भजनात मागे बसणाऱ्यास नेहमी जागा असते. शिवाय तेथील वर्गांचे मालक पुष्कळदा परके, आणि नवखा चार दिवसांनी आपल्या गावी निघून जातो. त्याला काय शिकवावे आणि किती?

आमच्याकडे ठरले ते असे: गुरुवारी वर्ग बंद, आणि मुलांनी त्या दिवशी फी न देता भजनाला येऊन मागच्या रांगेत बसावे. पेटी नाही, वही नाही. हाती झांज, आणि तोंड उघडावयाचे ते फक्त ध्रुपदापुरते. पहिल्या गुरुवारी चौदा मुले आली. दोन महिन्यांनी पाच उरली. एका मुलाच्या वडिलांनी येऊन विचारले, या बसण्याचे गुण परीक्षेत धरतात काय? झांजांचा गोंधळ पहिले काही आठवडे इतका होता की, मला स्वतःला घरी जाऊन स्वस्थ पडावेसे वाटे. अण्णा तर उघड कपाळावर हात मारीत.

परवाच्या गुरुवारी अण्णांचा आवाज चढत्या चरणावर अडकला. वयोमानाने हल्ली तो अडकतो आणि आम्ही सहा जण मिळून कशीबशी वेळ निभावतो. त्या दिवशी आम्ही सावरण्यापूर्वीच मागून एका मुलीने ओळ उचलली आणि शेवटास नेली. भजन संपल्यावर अण्णांनी मागे वळून तिला जवळ बोलावले. म्हणाले, "सम चुकलीस. अर्धी मात्रा आधी आलीस." ती मान खाली घालून उभी राहिली. वीणेला गवसणी घालीत ते पुढे म्हणाले, "येत्या गुरुवारी सहालाच ये. मी असतो."